कॉलेजमधली यंत्रं : देखभाल तारखेने करायची की तब्येत बघून?

पंपहाऊस :
आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या इस्टेट विभागाने पुढच्या वर्षाचा देखभालीचा तक्ता काढलाय. लायब्ररीच्या चिलरपासून (एसीसाठी पाणी थंड करणारं मोठं यंत्र) मेसच्या एक्झॉस्ट फॅनपर्यंत सगळ्यांना एकच माप, दर तीन महिन्यांनी सर्व्हिस. मी समितीवर आहे आणि माझा याला विरोध आहे.

चालतं यंत्र केवळ तारीख आली म्हणून उघडू नये. दुसऱ्या महायुद्धात वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाने ब्रिटिश कोस्टल कमांडच्या, म्हणजे समुद्रावर गस्त घालणाऱ्या हवाई दलाच्या, विमानांच्या नोंदी तपासल्या. दर ५० उड्डाणतासांच्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढायचे आणि मग उतरत जायचे. खोलाखोलीनेच नवे बिघाड निर्माण होत होते. १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी अहवाल लिहिला, त्यात जेमतेम ११ टक्के भागांचं बिघडणं वयाशी जोडलेलं निघालं. आपल्याकडेही तेच. बेअरिंग ठणठणीत असतं, तिमाही आली म्हणून गनने ग्रीस ठासतात आणि त्या जादा ग्रीसनेच ते तापायला लागतं.

माझं म्हणणं असं : लिफ्ट आणि अग्निशमन कायद्याने बांधलेले, तिथे तारीख पाळा. चिलर, जनरेटर यांची रोजची आकडेवारी बघून ठरवा. बाकी लहानसहान पंप-पंखे बंद पडेपर्यंत चालवा आणि शेल्फवर स्पेअर ठेवा.

निवृत्त_ओव्हरसियर :
विमानाचे दाखले ऐकायला छान वाटतात. पण विमानतळावर प्रत्येक विमानाला इंजिनिअर भेटतो. तुमच्या कॅम्पसवर काय आहे? कंत्राटावरचा एक फिटर, तोच प्लंबर, आणि दीक्षान्त समारंभ असला की तोच मंडपाच्या खुर्च्या मोजतो. तो यंत्राची तब्येत बघणार? तक्त्यावर तारीख आहे म्हणून निदान तीन महिन्यांनी पंपहाऊसचं कुलूप तरी उघडतं. ती काढली तर पहिली भेट मोटार जळल्यावरच.

आणि बजेटचं काय? 'तब्येत बिघडली तर खर्च करू' असं लिहून पैसे मागा बघू. लेखा विभाग म्हणेल, बिघडल्यावर या. आणि बिघडेल ऑगस्टमध्ये, म्हणजे फाईल फिरून काम व्हायला ३१ मार्च उजाडणार.

थंड_डोक्याची :
मी चिलरच्या धंद्यात आहे, म्हणून तेवढ्यापुरतंच. पंपहाऊस यांच्याशी सहमत. वॉटर-कूल्ड चिलरमध्ये एकच फरक रोज काढायचा : कंडेन्सरमधून (जिथे पाणी गॅसची उष्णता काढून घेतं) बाहेर पडणारं पाणी किती अंशांवर आहे आणि आत गॅस किती अंशांवर द्रवरूप होतोय. नळ्या स्वच्छ असताना हा फरक एक-दोन अंशांचा असतो. क्षार बसू लागले की वाढतो आणि विजेचं बिलही त्याच्यामागून चढतं. चार-पाचला पोचला की डिस्केलिंग करा, म्हणजे क्षार काढा, मग तारीख काहीही असो. हे पाणी परत थंड करणारा कूलिंग टॉवर बोअरच्या जड पाण्यावर चालत असेल आणि पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरमध्ये कुणी मीठच टाकत नसेल, तर तुमची तिमाही येण्याआधीच नळ्या चोंदतील.

मात्र ओव्हरसियरकाकांचा मुद्दा उडवून लावू नका. एका कॅम्पसवर मी लॉगबुक चाळलं तर पानंच्या पानं एकाच दाबाची नोंद. खाली जाऊन पाहिलं तर गेजचा काटा तिथेच अडकलेला, काचेच्या आत गंज. नोंद करणारा इमानदार होता म्हणायचं, दिसलं ते लिहिलं.

वसतिगृह_ब्लॉक_क :
'लहानसहान पंप बंद पडेपर्यंत चालवा' हे ज्याच्या घरी नळाला पाणी आहे त्यानेच लिहावं. आमच्या ब्लॉकचा पंप लहानच आहे. तो सकाळी सातला बंद पडला आणि नऊला पेपर असला की कळतं किती मोठा आहे ते. चिलर बंद पडला तर लायब्ररीत घाम येतो, एवढंच. यंत्राच्या किमतीवरून नाही, ते बंद पडल्यावर कोणाचे हाल होतात त्यावरून यादी करा.

पंपहाऊस :
यादीचा निकष मान्य, तो मसुद्यात घालतो. पण वसतिगृहाला तिमाही सर्व्हिसने पाणी मिळणार नाही, दुसऱ्या पंपाने मिळेल. बहुतेक ठिकाणी स्टँडबाय असतोच, पण तो कधी चालवलेलाच नसतो. ऐनवेळी सुरू करायला जावं तर शाफ्ट जाम. दोन्ही पंप आठवड्याआड आलटून-पालटून चालवा.

निवृत्त_ओव्हरसियर :
आठवड्याआड म्हणजे तारीखच झाली की!

पंपहाऊस :
चालवून बघायची तारीख. पाना लावायची नाही. माझा सगळा वाद पान्याशी आहे.

लालपाईप :
अग्निशमनाला 'तारीख पाळा' म्हणून सोडून देताय, तिथेच घोळ आहे. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे प्रपत्र ब, द्यावं लागतं. ते मिळतं. पण मध्ये काय होतं? आगीच्या पाण्याच्या लाइनला कुठेतरी गळती असते, दाब उतरतो, तो टिकवणारा छोटा जॉकी पंप दर दहा मिनिटांनी धडधडतो. वॉचमनची झोपमोड होते, मग कुणीतरी पॅनेलवरचा स्विच ऑटोवरून मॅन्युअलवर फिरवतो. डिझेल पंपाच्या बॅटरीचीही तीच कथा. प्रमाणपत्र जानेवारीचं, बॅटरी एप्रिलमध्ये मेलेली. आग लागली तर मुख्य पंप आपोआप सुरूच होणार नाही. इथे तारीखही कमी पडते, आठवड्याला इंजिन खरोखर चालवूनच बघावं लागतं.

थंड_डोक्याची :
+१. आणि कॅलेंडर हवंच असेल तर कॉलेजचं घ्या. मोठी खोलाखोली मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत, बेसमेंटचे पाणी उपसायचे पंप जूनच्या आधी. इस्टेटचा तिमाही तक्ता नेमका सत्र परीक्षेत लिफ्ट बंद ठेवतो.

निवृत्त_ओव्हरसियर :
हे पटलं. पण मूळ प्रश्न बिलाचा आहे, त्यावर कुणी बोलत नाही. कंत्राटदाराला पैसे उघडण्याचे मिळतात. 'आलो, ऐकलं, मोजलं, ठीक आहे म्हणून हात लावला नाही' असं लिहिलेलं बिल तुमच्या लेखा विभागातून पास करून दाखवा. सगळ्यात कमी दराच्या निविदेत ती ओळच नसते.

पंपहाऊस :
मग मोजणी ही वेगळी बाब म्हणून निविदेत घालू, दर भेटीचा दर ठरवून. सुटे भाग कंत्राटातच धरले तर उगाच भाग बदलण्यात त्याचाही फायदा राहत नाही.

निवृत्त_ओव्हरसियर :
सुटे भाग त्याच्या गळ्यात घातलेत तर तो कंत्राट संपेपर्यंत झिजलेलं बेअरिंग रेटेल आणि तुमच्या मोजणीत 'ठीक' लिहील. मोजणारा आणि दुरुस्त करणारा वेगळा ठेवा. त्यासाठी स्वतःचा पगारी फिटर लागतो, आणि ते पद तुमच्या कॉलेजात किती वर्षं रिकामं आहे ते समितीत विचारा.