फादरांना नावाने हाक मारावी काय?

विचारणा (वरोरा तालुका): आमच्या चर्चमध्ये केरळचे नवे फादर आले आहेत. वडीलधारी मंडळी त्यांना नुसतेच ‘फादर’ म्हणतात, परंतु तरुण मुले त्यापुढे त्यांचे पहिले नाव जोडतात आणि माझ्या सासूबाईंना तो उद्धटपणा वाटतो. चर्चचा याबाबत काही नियम आहे काय?

प्रतिसाद (अमरावती): कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेत (चर्चच्या कायद्यांच्या संग्रहात) असा नियम नाही, त्यामुळे रूढी आणि त्या धर्मगुरूंची स्वतःची पसंती एवढेच आधार उरतात. ‘फादर’ म्हणण्याची रूढीही फार जुनी नाही. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकापर्यंत धर्मप्रांतीय (कोणत्याही संघात नसलेल्या, बिशपच्या अखत्यारीतील) धर्मगुरूंना ‘मिस्टर’ म्हणत असत आणि ‘फादर’ हे संबोधन मुख्यतः संन्यस्त संघांतील धर्मगुरूंसाठी राखलेले असे.

प्रतिसाद (चंद्रपूर): चंद्रपूरचा धर्मप्रांत सिरो-मलबार या केरळमधील कॅथलिक परंपरेचा असून १९७७ पासून त्याला आजचा दर्जा आहे, म्हणून येथे केरळी धर्मगुरू मोठ्या संख्येने दिसतात. त्यांच्या नावातील शेवटचा भाग पुष्कळदा घराण्याचे किंवा वडिलांचे नाव असतो आणि मल्याळी कुटुंबांत पहिल्या नावाला ‘अच्चन’ (वडील, म्हणजेच फादर) जोडून आदरानेच हाक मारतात. तेव्हा मुलांचे वागणे त्या फादरांना बहुधा परिचयाचेच वाटत असेल. सासूबाईंना मात्र हे पटवणे सोपे नाही, हेही मान्य.

प्रतिसाद (अमरावती): मिस्सानंतर (चर्चमधील उपासनेनंतर) त्या फादरांनाच विचारा. नुसते ‘फादर’ म्हटले तरी कोठेही चुकीचे ठरत नाही. ‘फादर’ गाळून केवळ नाव घेणे तेवढे टाळावे.