मदत हवी आहे: २२० केव्हीचा टॉवर ४० मीटर सरकवला, डिझाइनवर सही करू का?

नमस्कार मंडळी,

पुण्यात एका खासगी कंपनीत अतिउच्चदाब वाहिन्यांच्या डिझाइनचं काम करते, सहा वर्षं झाली. इथे महापारेषणमधून निवृत्त झालेली, टॉवरवर चढलेली, ताणकाम केलेली माणसं आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारते आहे.

वाहिनी २२० केव्ही, डबल सर्किट, तार झेब्रा जातीची. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून जाते. प्रोफाइलवर, म्हणजे जमिनीच्या चढउताराच्या नकाशावर, मी एक डीए टॉवर, म्हणजे साधा सस्पेन्शनचा (तार इन्सुलेटरच्या उभ्या माळेला टांगलेली), एका टेकाडाच्या खांद्यावर ठेवला होता. मागचा स्पॅन, म्हणजे मागच्या टॉवरपर्यंतचं अंतर, ३५० मीटर, पुढचा ३३०. शेजारचे दोन्ही टॉवर थोडे उंचावर होते, पण गणित आरामात बसत होतं.

तिथे शेतकऱ्याची विहीर निघाली. चेक सर्व्हेत ती टिपलीच गेली नव्हती. त्याचा विरोध रास्त होता आणि साइटवाल्यांनी वाद न वाढवता टॉवर मागे ४० मीटर, ओढ्याच्या अंगाला सरकवला. तिथली जमीन १४ मीटर खोल. आता स्पॅन ३१० आणि ३७०. मागच्या टॉवरचा तारेचा बिंदू आमच्यापेक्षा २२ मीटर वर, पुढचा ३७ मीटर वर. थोडक्यात टॉवर खळग्यात गेला.

मी नव्याने गणित केलं. ३२ अंश सेल्सिअसला तारेच्या तुटण्याच्या ताकदीच्या २२ टक्के ताण धरला आहे, रूलिंग स्पॅन (ताण काढायला धरलेला प्रातिनिधिक स्पॅन) ३५०. ३२ अंशांना या टॉवरचा वेट स्पॅन, म्हणजे जितक्या तारेचं वजन तो पेलतो ती लांबी, ३२ मीटर येतो. ५ अंशांना तो उणे १६. म्हणजे थंडीत तार टॉवरवर भार टाकायच्या ऐवजी त्याला वर उचलू बघणार (अपलिफ्ट).

वरिष्ठांचं म्हणणं असं, की उणे १६ मीटर म्हणजे एका तारेमागे जेमतेम २६ किलो, तेवढं तर इन्सुलेटरच्या माळेचं वजनच दाबून धरेल. शिवाय आपल्याकडे तार ५ अंशांवर कधी जाते? टॉवरचा प्रकार तोच ठेवायचा आणि सुधारित टॉवर शेड्यूलवर (टॉवरच्या यादीवर) सही करायची. दोन्ही बाजूंच्या टॉवरची फाउंडेशन भरून झाली आहेत, त्यामुळे ते हलत नाहीत.

मला सही करवत नाही. पण "करवत नाही" हे काही तांत्रिक कारण नव्हे. माझे प्रश्न:

बॉडी एक्स्टेन्शन +९ घेतलं, म्हणजे टॉवर ९ मीटरने उंच केला, तर ५ अंशांना वेट स्पॅन ९५ मीटर होतो. तेवढं पुरेल का? माळेखाली वजनं टांगायचा उपाय कुणी केला आहे का? आणि वरिष्ठांसमोर हे मांडायचं कसं, की तो माझा हट्ट वाटू नये?

– रानजाई

तारवाला:

रानजाईताई, सही करू नका. पण तुम्ही चुकीच्या आकड्याकडे बघताय. अपलिफ्ट होण्याच्या कितीतरी आधी तुम्हाला झोका, म्हणजे वाऱ्याने माळेचं बाजूला झुलणं, नडतो.

विंड स्पॅन, म्हणजे दोन्ही स्पॅनची सरासरी, ३४० मीटर आहे ना? वारा ३४० मीटर तारेवर दाब देणार आणि माळेला खाली ओढायला वजन फक्त ३२ मीटर तारेचं. चौरस मीटरला ४५ किलोचा वारा धरा. २८.६२ मिमी व्यासाच्या तारेवर ३४० मीटरला साधारण ४४० किलो आडवा जोर आला. खाली ओढणारं वजन तारेचं ५२ किलो आणि माळेचं अर्धं, ते ५० धरा. माळ ७५ अंशांच्या पुढे जाईल. २२० केव्हीच्या टॉवरची क्लिअरन्स आकृती ४५ अंशांच्या झोक्यापर्यंत काढतात, तिथे १६७५ मिमी अंतर लागतं. ७५ अंशांच्या झोक्याला तार क्रॉसआर्मच्या, म्हणजे टॉवरच्या आडव्या हाताच्या, पोटाशी. फ्लॅशओव्हर (तारेतून टॉवरवर ठिणगी) ठरलेला, आणि तोही ऐन वाऱ्यात, लाइन ट्रिप होऊन चालणार नाही अशा वेळी.

आता हेच +९ घेऊन करा. ३२ अंशांना वेट स्पॅन १२८ येतो. खाली ओढणारं वजन अडीचशे किलोच्या आसपास, झोका ६० अंश. म्हणजे अपलिफ्ट गेला, पण टॉवर नापासच.

वजनं टांगलेली मी पाहिली आहेत. तात्पुरती ठीक. कायमची टांगली की त्यांचे बोल्ट, गंज, कंपनं हे सगळं पुढच्या देखभालवाल्याच्या गळ्यात पडतं, आणि नव्या लाइनवर ते मला अजिबात मान्य नाही.

तिथे डीबी टाका, म्हणजे दोन्ही बाजूंच्या तारा ताणून बांधतात तो टेन्शन टॉवर. वाहिनी वळत नसली, कोन शून्य असला तरी टेन्शन टॉवर लावायला कुणाची हरकत नसते. माळ आडवी, तारेच्या रेषेतच, त्यामुळे झोक्याचा प्रश्न उरतो तो फक्त जंपरचा, म्हणजे दोन बाजूंच्या तारा जोडणाऱ्या लोंबत्या तुकड्याचा, आणि त्याला धरून ठेवायला पायलट माळ देता येते. ड्रॉइंगवर किमान वेट स्पॅनचा आकडा असेल, तो उणे धरलेला असतो. तुमचे उणे १६ त्यात बसतात का तेवढं बघून घ्या.

रानजाई:

झोक्याचा कोन मी जुन्या जागेसाठी तपासला होता. नव्या जागेसाठी अपलिफ्ट दिसल्यावर तिथेच अडकून पडले. आत्ता करून पाहिलं, ७७ अंश आले. मनापासून आभार. पण डीबी म्हटलं की पोलाद वाढलं, फाउंडेशन मोठं झालं. वरिष्ठांचा पहिला प्रश्न खर्चाचाच असेल.

तारवाला:

त्याचंही उत्तर तुमच्याच प्रोफाइलवर असेल. आयएस ५६१३ या भारतीय मानकाप्रमाणे डोंगराळ भागात दोन सेक्शन टॉवरमध्ये (तारेचा सलग पट्टा तोडणाऱ्या टेन्शन टॉवरमध्ये) १० स्पॅनच्या वर किंवा ३ किलोमीटरच्या वर जाता येत नाही. सपाटीला १५ स्पॅन आणि ५ किलोमीटर. तुमचा पुढचा सेक्शन टॉवर किती लांब आहे?

रानजाई:

चार टॉवर पुढे! तिथे कोन नाही, फक्त सेक्शन तोडायला डीबी ठेवला आहे. तिथलं खोदकामही अजून झालेलं नाही.

तारवाला:

मग झालं. तो डीबी इथे आणा आणि तिथे डीए ठेवा. दोन्ही बाजूंचे सेक्शन १० स्पॅनच्या आत राहतात ना, ते मोजा. टॉवरची संख्या तीच, डीबीची संख्या तीच. दोन्ही सेक्शनचे रूलिंग स्पॅन बदलतील, तेव्हा सॅग-टेन्शन (तारेचा झोळ आणि ताण) तक्ते नवे काढून साइटला पाठवा. जुन्या तक्त्यावर तार ओढली गेली तर तार ७५ अंश सेल्सिअसला तापल्यावर जमिनीपासूनचे किमान ७.०१५ मीटर कुठेतरी कमी पडतील, आणि ते पुढे कुणाच्या तरी उसाच्या ट्रॉलीवर कळेल.

वरिष्ठांना भेटताना "हे धोक्याचं आहे" अशी सुरुवात करू नका. एका पानावर दोन आकृत्या न्या, जुनी जागा आणि नवी जागा, झोक्याच्या कोनासकट. खाली डीबीची अदलाबदल. त्यांनाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं, ते त्यांच्या हातात द्या.

घाटवाट:

मी स्ट्रिंगिंग, म्हणजे तार ओढणारी, गँग सांभाळतो. खळग्यातल्या टॉवरवर आमच्या पोरांचे काय हाल होतात तेही सांगतो. ताण वाढत गेला की तार रोलरमधून उडून वर जाते. खाली दाबून धरायचा वेगळा रोलर आधी लावलेला नसेल तर वर बसलेल्या माणसाच्या तोंडावर येते. एकदा बघितलंय, थोडक्यात वाचला. टॉवर खळग्यात आहे हे डिझाइनवाल्यांनी स्ट्रिंगिंगच्या कागदावर लिहून द्यावं. आम्हाला ते बहुतेक वेळा तार ओढतानाच समजतं.

आणि ५ अंशांबद्दल. थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठावर दव गोठतं, पेपरात फोटो येतात. तुमचा ओढा तसाच खोलगट असेल तर पहाटे गार हवा तिथेच साचते. लाइनवर लोड नसेल तर तारही तेवढीच गार.

मळेकरी:

मी शेतकरी. विहीर वाचली हे बरं झालं. पण नवीन जागेचा पंचनामा नव्याने झाला का? आमच्याकडे टॉवर सरकला आणि मोबदल्याचा कागद जुन्या गटनंबरावरच राहिला, दोन वर्षं तहसील कार्यालयात खेटे घातले. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला मूल्याच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के म्हटलं आहे. ओढ्याकडची जागा दुसऱ्याच्या मालकीची असेल तर त्याला आधी सांगा. इंजिनियर लोक गणित सांगतात, मालकाचं नाव सांगत नाहीत.

रानजाई:

मळेकरीदादा, तुमचं वाचून सातबारा मागवला. ओढ्याकडची जागा खरंच दुसऱ्या खातेदाराची आहे आणि त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. जमीन अधिकाऱ्यांना आज लेखी कळवलं.

घाटवाटदादा, शेड्यूलच्या शेऱ्यात "खळग्यातील टॉवर, होल्डडाउन रोलर आवश्यक" असं लिहिलं आहे. प्रोफाइल चाळलं तर असे आणखी दोन टॉवर सापडले, त्यांनाही लिहिलं.

वरिष्ठांना एका पानाचा कागद दिला. ते बराच वेळ आकृती बघत राहिले, मग "सेक्शन मोजलेस का?" एवढंच विचारलं. चार आणि आठ स्पॅन. अदलाबदल मंजूर झाली.

आता एकच राहिलं. जागा ओढ्यालगत आहे, म्हणून फाउंडेशन ओल्या मातीचं धरते आहे, पण पुराची पातळी कुठल्याच नकाशावर नाही. संरक्षक भिंत किती उंच घ्यावी?

घाटवाट:

गावात जाऊन जुन्या माणसाला विचारा. जुलै २०२१ मध्ये पाणी कुठवर आलं होतं ते दगडावर हात ठेवून दाखवतील. जाताना लेव्हलचं यंत्र सोबत न्या.

रानजाई:

शनिवारी निघते.