मख्ख चेहऱ्याच्या ऑफिसवाल्या सिरीयल आवडतात का कोणाला, आणि का?

ऐरोलीचा_कारकून:
दिवसभर तीच मीटिंग तेच एक्सेल, संध्याकाळी ऐरोलीवरून ठाणे लोकल पकडून घरी येतो आणि जेवताना लावतो काय तर 'द ऑफिस', अमेरिकावालं. बायको म्हणते अहो ऑफिसातूनच आलात ना आत्ता, आणि यात हसायचं कुठे, सगळे नुसते एकमेकांची तोंडं बघत बसलेत. मला काही नीट सांगता येईना. स्टीव्ह कॅरेलचा तो बॉस मायकल स्कॉट, कुठे काय बोलावं याचा पत्ता नाही, खरा असता तर मी महिन्याभरात पेपर टाकले असते. मग टीव्हीवर तोच का आवडतो?

तुर्भे_स्लो:
मागून हसण्याचा आवाज नाही ना, म्हणून. हसायचं कधी ते कोणी सांगत नाही. आणि तिथे डॉक्युमेंटरीचं शूटिंग चाललंय असं दाखवलंय, त्यामुळे बॉस भलतंच काही बोलला की त्याच्या हाताखालचा जिम गपचूप कॅमेऱ्याकडे बघतो, शब्द नाही काही नाही, की आपण त्याच्या पार्टीत. मीटिंगमध्ये आपला पण एक असा असतोच की, ज्याच्याकडे बघितलं तर हसू फुटेल म्हणून आपण वहीत रेघोट्या मारत बसतो. जमलं तर मूळ ब्रिटिश बघा, बीबीसीचं, २००१ चं, रिकी जर्व्हेसचा डेव्हिड ब्रेंट. सगळे मिळून १४ भाग, पण जास्त कडू.

महापे_एचआर:
माझं मत वेगळं. मायकल दुष्ट नाहीये, आपण सगळ्यांना आवडावं एवढीच त्याची हाव, आणि सगळा घोळ तिथेच. आमच्याकडे एक साहेब होते, कोणाचा वाढदिवस असला की कॉन्फरन्स रूममध्ये केक आणि यांचे "दोन शब्द". एकदा ज्याचा वाढदिवस त्याचंच नाव चुकवलं. कोणी बोललं नाही, तोही बोलला नाही, मेणबत्ती वितळून क्रीमवर सांडतेय आणि साहेब स्वतःच्याच जोकवर लोक हसायची वाट बघत उभे. तेव्हा कुठे तोंड लपवू असं झालेलं, टीव्हीवर असतं तर मागे घेऊन परत बघितलं असतं. अप्रेझल त्याच्या हातात नाही म्हणून मायकल आवडतो हो, बाकी काही नाही.

घोडबंदर_ट्रॅफिक:
आपल्याला नाही झेपत. पहिल्या सीझनचा तो 'डायव्हर्सिटी डे'चा भाग अर्ध्यात बंद केला, त्याच्याऐवजी मलाच लाज वाटायला लागली. त्यापेक्षा सब टीव्हीचं 'ऑफिस ऑफिस' बघा, पंकज कपूरचा मुसद्दीलाल, तेही २००१ चंच. तिथे आपण खिडकीच्या बाहेर उभे असतो, काम अडलेलं, आणि आतले चहा पितायत. असल्या बाबूंवर हसताना लाज कसली. हॉटस्टारने २०१९ ला 'द ऑफिस' हिंदीत आणलेलं, फरीदाबादचं, तेही दोन भागांच्या पुढे गेलं नाही माझ्याच्याने.

तुर्भे_स्लो:
@घोडबंदर तुम्ही सुरुवातच चुकीच्या ठिकाणी केलीत. पहिला सीझन सहाच भागांचा, त्यातला पहिला भाग तर जवळजवळ ब्रिटिशांचीच स्क्रिप्ट, त्यात मायकल नुसता खवट वाटतो, पुढे त्याला जरा माणसात आणलाय. दुसऱ्या सीझनपासून लावा. पहिलाच भाग 'द डंडीज', हॉटेलात नेऊन स्टाफला स्वतःच काढलेले अवॉर्ड वाटतो, ज्यांना मिळतात त्यांना घ्यायचे नसतात. कारकूनभाऊ, वहिनींना पण तोच लावून द्या, वीसेक मिनिटांचा तर आहे.