शिडाच्या बोटीवर जाऊ का? धुवारीचं भेव वाटून रायलं

पवनीकर५२:
नमस्कार मंडळी. माझा पुतण्या हॅलिफॅक्सले रायते, कॅनडात. त्यानं आन दोन दोस्तांनी मिळून 34 फुटी जुनी शिडाची बोट घेतली, जुलैत न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिण किनाऱ्यानं गावं पाहत जायचं म्हणते, काकाजी तुमी याच. व्हिसा झाला. पोहता येते, वैनगंगेत डोंगा पोरपणापासून चालवला. पण मागच्या पौषात धुवारीत डोंगा घेऊन अडकलो होतो, दीड तास एकाच जाग्यावर गोल गोल, शेवटी देवळाची घंटा वाजली तवा काठ सापडला. तिकडं म्हणते जुलैतबी धुवारी रायते, हे कसं काय जी? आन त्या गावाइले रस्ताच नाही म्हणते, मंग लोक रायतात कसे?

जहाजी_चांदा:
भाऊ, 11 वर्षं जहाजावर होतो, त्या बाजूनं दोनदा गेलो. आपली धुवारी रात्री जमीन थंड झाली की पडते, नऊ-दहा वाजता ऊन चढलं की उडून जाते. तिथली वेगळी आहे. दक्षिणेकडून गरम ओली हवा येते आणि खाली लॅब्राडोरचा, उत्तरेकडून येणारा थंड प्रवाह, हवा त्या पाण्यावर आली की धुकं तयार. म्हणून ते उन्हाळ्यातच जास्त, आणि वारा असला तरी जात नाही, वाराच तर घेऊन येतो. दिशा बदलली तर मोकळं होतं, नाहीतर दोन-दोन दिवस तसंच.
घंटेचं म्हणाल तर धुक्यात आवाजाच्या दिशेवर भरवसा ठेवू नका, तुमचं नशीब चांगलं होतं. शिडावर चालणाऱ्या बोटीनं दर दोन मिनिटांच्या आत भोंगा द्यायचा असतो, एक लांब दोन आखूड. इंजिनवर असाल तर फक्त एक लांब. पुतण्याला विचारा रडार आहे का, एआयएस (जवळची जहाजं कुठं आहेत ते रेडिओवरून दाखवणारं यंत्र) आहे का, आणि डोलकाठीवर रडारला दिसणारा रिफ्लेक्टर टांगला का. रडार नाही म्हणाला तर मी तरी नसतो गेलो. हॅलिफॅक्सहून निघाल्यावर कॅबट सामुद्रधुनी पार करायची आहे, शंभरेक किलोमीटर उघडं पाणी, मोठी जहाजं येजा करतात.

बिनकामाचा_आर्वी:
पवनीत धरण हाय, समुद्र कायले पायजे बे 😄

टोरंटोची_ताई:
दादा, मी मूळची आर्वीचीच. आम्ही त्याच किनाऱ्यावरच्या बर्जिओ गावाहून फेरीनं फ्रान्स्वा नावाच्या गावाला गेलो होतो (लिहितात फ्रांस्वा, तिथले म्हणतात फ्रान्सवे). डोंगराच्या कुशीत रंगीत लाकडी घरं, शंभरसुद्धा माणसं नसतील, गाडी एकही नाही, लाकडी फळ्यांच्या वाटांवरून सगळे चालतात. किराणा फेरीनंच येतो. शाकाहारी असाल तर डाळ-तांदूळ, तिखट सोबत ठेवा, तिथं कॉड मासा नि बटाटे. 1992 मध्ये कॉडची धंद्याची मासेमारी बंद केली सरकारनं, त्यानंतर गावंच्या गावं ओस पडत गेली. ग्रँड ब्रुइट तर 2010 मध्ये पूर्ण रिकामं केलं, आता घरं उभी आहेत पण माणूस नाही. त्याच्या आधी 1950-60 च्या दशकात पण असंच, लोकांनी आपली लाकडी घरं पाण्यावर तरंगवून दुसऱ्या गावाला ओढत नेली होती.
आणि हो, तिथली घड्याळं हॅलिफॅक्सपेक्षा अर्धा तास पुढं, म्हणजे उन्हाळ्यात भारतात नि त्यांच्यात बरोब्बर आठ तास, वहिनींना फोन करायला हिशोब सोपा.

पवनीकर५२:
ताई, ते घरं ओढत नेल्याचं वाचून कसंतरी झालं. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, आमी फक्त दारं, चौकटी आन कवेलू बैलबंडीत टाकून आणले. अख्खं घर न्यायची सोय आमाले कोणी सांगितली नाही, मातीच्या भिंती काय तरंगणार म्हणा.
जहाजीभाऊ, आत्ताच विचारलं. रडार हाय, एआयएस हाय, रिफ्लेक्टरचं म्हणते घेतो. मंडळी म्हणून रायली, जा पण ग्रँड ब्रुइटले उतरून फोटो पाठवा. अजून एकच विचारतो, त्या गावाइच्या खाडीत नांगर लागते का, का पाणी लय खोल हाय?

जहाजी_चांदा:
खोल आहे, कड्याला लागूनच तळ सापडत नाही. धक्क्यालाच बांधा. आणि डोंगरावरून वारा एकदम खाली आदळतो, दोर दुप्पट लावा.