वर्षाला किती पुस्तकं हा आकडा सोडायचाय, पुढच्या वर्षी बोलीप्रमाणे कादंबऱ्या वाचायच्यात, सुचवा प्लीज

जगबुडीकाठची

नमस्कार मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे, वेळ असेल तर वाचा.

दर जानेवारीत मी वहीच्या पहिल्या पानावर एक आकडा लिहिते. या वर्षी ३० लिहिला होता, ३१ झाली. आनंद व्हायला हवा होता पण परवा रात्री यादी घेऊन बसले तर त्यातल्या नऊ पुस्तकांचं नाव वाचूनही आत काय होतं ते काही केल्या आठवेना, एकाचं तर मुखपृष्ठ तेवढं आठवलं. मग लक्षात आलं की ऑगस्टपासूनच हे सुरू झालं होतं, आकडा मागे पडायला लागला की मी लायब्ररीत जाऊन कपाटासमोर उभी राहून बारीक दिसेल ते पुस्तक उचलायचे. 'तुंबाडचे खोत' या वर्षात तीनदा हातात घेतलं आणि तीनदा परत ठेवलं कारण दोन जाडजूड खंड, त्यात दोन महिने गेले तर बाकीची यादी कधी होणार. आणि माझं माहेर कुठलं, तर खेड. जगबुडीला पूर आला की शाळेला सुट्टी मिळायची त्या गावात मी वाढले, आणि त्याच नदीच्या काठावर पेंडशांनी चार पिढ्या उभ्या केल्यात ती कादंबरी मी जाडी बघून परत ठेवतेय. याचं मला फार वाईट वाटलं.

आता याच वर्षातली दुसरी गोष्ट. जुलैमध्ये सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आल्या. त्या मूळच्या वरूडच्या, म्हणजे पक्क्या वऱ्हाडी. त्यांना वाचनाचा नाद जबरदस्त पण डॉक्टरांनी काही दिवस वाचायला बंदी केली होती, टीव्ही पण नको म्हणाले, दिवसातून सहा वेळा डोळ्यात थेंब घालायचे आणि थेंब घातल्यावर डोळा मिटून पडून राहायचं. कंटाळून गेल्या बिचाऱ्या. मी म्हटलं आई मी वाचून दाखवू का, तर म्हणाल्या 'धग' आण. उद्धव शेळक्यांची, १९६० सालची. मी नाव ऐकलेलं होतं फक्त.

पहिले दोन दिवस फार अवघड गेले. संवाद सगळे वऱ्हाडीत, आणि मी ते पुस्तकी मराठीच्या चालीवर वाचत होते. आई डोळे मिटून पडलेल्या असायच्या आणि मधेच हात वर करायच्या, "अवं तसं नाई, 'काऊन' म्हनतानी थोडं लांबव." मी परत वाचायचे. तिसऱ्या दिवशी काय झालं माहीत नाही, वाक्य आपोआप त्या हेलात यायला लागलं आणि कौतिक मला ऐकू यायला लागली. डोळ्यांना दिसणं वेगळं, ही ऐकूच यायला लागली. नवरा महादेव धड कमवत नाही, पुढे त्याला महारोग होतो, पोरांची पोटं भरायची आहेत, आणि ही बाई एकेक दिवस ओढून नेते. लेखक कुठेही तिची कीव करत नाही, ती आज काय करतेय तेवढंच सांगतो, त्यामुळे आपल्यालाच श्वास घ्यायला थांबावं लागतं. एका दुपारी मी वाचता वाचता थांबले, आवाज लागेना, तर आई म्हणाल्या "माही माय अशीच बोले व." एवढंच बोलल्या. थेंबाची वेळ झाली होती, पण थेंब घालून काय उपयोग, डोळे भरलेलेच होते.

त्या एका कादंबरीला २३ दिवस लागले. बाकीची तीस एका बाजूला आणि ती एक दुसऱ्या बाजूला.

म्हणून आता ठरवलंय की पुढच्या वर्षी आकडा लिहायचा नाही, दोन महिन्यांना एक बोली घ्यायची. वऱ्हाडी झाली. मराठवाडा, खानदेश, कोल्हापूर साताऱ्याकडची, मुंबईच्या वस्त्यांमधली, असं सुचवा. ज्यांनी खरंच वाचल्यात आणि ज्यांना त्या लागल्यात त्यांनीच सांगा. आणि दुसरा प्रश्न, आकडा नसेल तर वाचन ढेपाळतं का? तुम्ही वर्षाचं कसं ठरवता?

एकशिक्षकी

ताई, पोस्ट दोनदा वाचली. तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा.

मी जिल्हा परिषद शाळेत ३४ वर्षं काढली, त्यातली पहिली सहा एकशिक्षकी शाळेत. माझं वाचनाचं ठरवणं एकच, दर जूनला शाळा उघडायच्या आधी 'बनगरवाडी' वाचायची. रिटायर झालो तरी मोडलेलं नाही. माडगूळकरांची ही १९५५ सालची कादंबरी, औंध संस्थानातली धनगरांची वाडी आणि तिथं नेमणूक झालेला पोरसवदा मास्तर. नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचली तेव्हा मी फक्त मास्तराकडे बघत होतो, कारण तो मीच होतो, शाळेत पोरं नाहीत, मेंढरामागं गेलेली, कुणाला विचारावं कळत नाही. दहा वर्षांनी वाचली तर कारभारी दिसायला लागला, म्हातारा, अधिकार जपणारा, मनानं फार मोठा. आणि आता वाचतो तेव्हा शेवटचा दुष्काळच दिसतो. एकेक बिऱ्हाड वाडी सोडून जातं ती पानं मी सावकाश वाचतो, कारण ७२ च्या दुष्काळात आमच्या गावातून माणसं तशीच निघालेली मी बघितली आहेत. माडगूळकर तिथं एकही शब्द जास्तीचा लिहीत नाहीत.

कोल्हापूरकडच्या बोलीसाठी आनंद यादवांची 'गोतावळा' घ्या, १९७१ ची. नारबा नावाचा शेतावरचा गडी सगळं स्वतःच्या तोंडानं सांगतो, संवादच नव्हे तर निवेदनसुद्धा बोलीत आहे. मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि ज्या जनावरांत त्याचं आयुष्य गेलं ती एकेक करून जातात. ज्याच्या घरी कधी गोठा होता त्यानं ती एका दमात वाचू नये, झेपत नाही.

नऊ_सतरा_डोंबिवली

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

आकड्याला एवढं वाईट म्हणू नका हो. माझं वाचन सात वर्षं पूर्ण बंद होतं. मुलगी झाली, नोकरी बदलली, आणि जो वेळ होता तो मोबाईलने खाल्ला. परत सुरू केलं ते केवळ आकड्यामुळे, वर्षाला १२, म्हणजे महिन्याला एक, बास. ट्रेनमध्ये जाताना २० पानं, येताना जमली तर जमली. आकडा नसता तर मी आजही डोंबिवली ते सीएसएमटी रील्स बघत उभी असते. ज्यांची सवय पक्की आहे त्यांनी खुशाल आकडा सोडावा, पण ज्यांची तुटलीय त्यांच्यासाठी तो दोर आहे, तो त्यांच्या हातातून काढून घेऊ नका.

आणि बारीक पुस्तकांबद्दल पण बोलायचंय. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' मी खरोखर बारीक आहे म्हणूनच उचलली होती, डब्याच्या पिशवीत मावते म्हणून. १९३९ सालची आहे, युरोपातून निघालेली बोट, त्यावर जर्मनीतून हाकललेले ज्यू, कुठल्यातरी परक्या बंदराच्या आशेवर निघालेले, आणि चक्रधर आणि हेर्टा. महायुद्ध तोंडावर आलेलं असताना एका मराठी माणसानं हे लिहून ठेवलंय यावर विश्वास बसत नाही. चार दिवसात संपली. शेवटची पानं वाचताना माझं स्टेशन येऊन गेलं, मी उतरलेच नाही. शेवट सांगत नाही कुणाला. पण ऑफिसमध्ये त्या दिवशी मी कुणाशी धड बोलू शकले नाही, आणि अजूनही कधी बोटीतल्या निर्वासितांची बातमी आली की मला हेर्टाच आठवते. बेडेकरांची ही एकच कादंबरी, आणि त्यांच्या पत्नी म्हणजे विभावरी शिरूरकर, 'बळी' लिहिणाऱ्या, तीही वाचा.

मुंबईसाठी भाऊ पाध्ये, 'वासूनाका'. १९६५ ची आहे, नाक्यावरच्या पोरांची भाषा जशीच्या तशी. त्या काळी अश्लील म्हणून गदारोळ झाला होता. मला वाचताना काही ठिकाणी पुस्तक बंद करावंसं वाटलं, पण आमच्या चाळीखाली उभी राहणारी पोरं तशीच बोलायची हे पण खरं आहे. मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' त्यामानाने सोपी जाईल, ती आधी घ्या.

जगबुडीकाठची

@नऊ_सतरा_डोंबिवली राग कसला, पटलं मला. मी माझ्यापुरतं बोलत होते, तुटलेल्या सवयीचा विचार मी केलाच नव्हता. आणि 'रणांगण' माझ्या त्या ३१ मध्ये आहे! आठवत नसलेल्या नऊमध्ये मात्र नाही, एवढं सांगते.

@एकशिक्षकी सर, 'बनगरवाडी' शाळेत धडा म्हणून थोडी वाचलेली, पूर्ण नाही. जूनमध्येच घेते, तुमच्याबरोबर.

पूर्णाथडी

आमच्या मराठवाड्याचं कोनीच कसं सांगंना अजून.

'पाचोळा' वाचा ताई. रा. रं. बोराडे, १९७१. तुम्ही 'धग' वाचलीय म्हणून मुद्दाम सांगतो, दोन्हीकडं घर शिंप्याचं आहे. इकडं बायको स्वतः सांगती सगळं, तिच्याच बोलीत, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. गावात वैर घेतल्यावर शिंपी बलुतेदाराचं काय होतं, ज्याचं पोट गावावर आहे त्यानं ताठ राहायचं म्हटलं तर गाव त्याला कसं मोडतं, ते घरातल्या बाईच्या जागेवरून दिसतं. नवऱ्याला समजावावं तरी पंचाईत, गप बसावं तरी पंचाईत. शेतकऱ्यावर लई लिहिलंय आपल्याकडं, पण ज्याच्याजवळ जमीनच नाही त्या माणसाचा मान काय असतो ते मला या कादंबरीत समजलं. माझे वडील गावात लोहारकाम करायचे. मी बारावीत असताना वाचली आणि त्यांना वाचून दाखवली. ते भाता बंद करून ऐकत बसले. मधे एकदा म्हनले, हे कोन लिहिलंय, आपल्या गावात येऊन गेलाय का ह्यो माणूस.

बारकी आहे, पानं लई नाहीत. पण तुमच्यासारखी मोठ्यानं वाचा, मनात वाचली तर निम्मी वाया जाती.

लेवा_इन_डब्लिन

खानदेशसाठी मी बोलते. मी यावल तालुक्यातली, गेली अकरा वर्षं आयर्लंडमध्ये. इथे मराठी पुस्तकांची लायब्ररी नाही, त्यामुळे माझं वर्षाचं टार्गेट बॅगेच्या वजनावर ठरतं. २३ किलोत आई लोणचं, पापड, बिबडे घालते आणि मी पुस्तकं, आणि दरवर्षी एअरपोर्टवर काहीतरी काढावं लागतं. या वर्षी पापड काढले.

नेमाडेंची 'कोसला' मी दोनदा वाचलीय, मधे २१ वर्षांचं अंतर. विसाव्या वर्षी पुण्याच्या होस्टेलवर वाचली तेव्हा पांडुरंग सांगवीकर म्हणजे आम्हीच, सगळे एकमेकींशी 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' लावून बोलायचो, वर्षभर तेच चाललं होतं. यंदा परत वाचली तर होस्टेलची पानं भराभर उलटली गेली आणि मी मनीच्या मरणापाशी अडकले. बहीण जाते आणि तो गावात नसतो. इथे राहणाऱ्या माणसाला ते किती लागतं हे मी सांगू शकत नाही. माझ्या काकांच्या वेळी मला तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. ती पानं वाचून झाल्यावर मी उठून भांडी घासत बसले, काय करावं कळेना म्हणून. आणि वडील! विशीत त्या वडिलांचा राग यायचा, आता त्यांचे हिशेब, त्यांचा गप्पपणा, सगळं समजतं. १९६३ ची कादंबरी, पंचविशीतल्या माणसानं लिहिलेली, त्याला हे सगळं तेव्हाच कुठून कळलं असेल.

आमची बोली भरपूर हवी असेल तर 'हिंदू' घ्या, २०१० ची, पण ती सहाशे पानांची आहे, दोन महिन्यात होईलच असं धरून चालू नका. मला पाच लागले. काही भाग मला रेटून न्यावा लागला, पण खंडेरावच्या घरातल्या बायका बोलायला लागल्या की मी माझ्या आजीच्या ओट्यावर जाऊन बसायचे. तेवढ्यासाठी तरी घ्याच.

पन्हाळ्याचा_पाऊस

नवीन काहीतरी पण यादीत असू द्या की. कृष्णात खोतांची 'रिंगाण'. २०२३ चा साहित्य अकादमी मिळालाय. धरणात गाव गेलं, माणसं दुसरीकडं नेऊन टाकली आणि मागं राहिलेली म्हैस आणायला एकजण परत तिकडं जातो. म्हैस आता रानटी झालेली. एवढीच गोष्ट, पण आमच्याकडं असली कितीतरी घरं आहेत. आधी विश्वास पाटलांची 'झाडाझडती' वाचली तर जास्त पोचेल, ती पण विस्थापितांचीच.

जगबुडीकाठची

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं.

वहीत लिहून काढलं. जानेवारी-फेब्रुवारी पाचोळा, मोठ्याने वाचणार. जून बनगरवाडी, आणि तिला लागून गोतावळा. पावसाळ्यात माहीमची खाडी, मग हिंमत झाली तर वासूनाका. दिवाळीनंतर रिंगाण. कोसला मी तिशीत एकदा वाचलेली, ती परत घेणार, लेवा ताई तुम्ही जे लिहिलंत त्यामुळे. हिंदूला मुदत नाही. आणि @नऊ_सतरा_डोंबिवली, तुमचं मानून रोजची २० पानं हा नियम ठेवतेय, पुस्तकांचा नाही पण पानांचा आकडा राहू दे.

मार्च-एप्रिल मोकळं ठेवलं होतं. काल सासूबाईंना फोनवर ही सगळी पोस्ट आणि उत्तरं वाचून दाखवली. पूर्णाथडी दादा, तुमच्या वडिलांचं वाचल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "तुह्या गावची कोनती वाचनार हायेस मंग?" त्यांचा दुसरा डोळा मार्चमध्ये करायचाय. म्हणजे परत थेंब, परत डोळे मिटून पडणं.

आज संध्याकाळी लायब्ररीत जाऊन आले. 'तुंबाडचे खोत', खंड पहिला, मार्चसाठी सांगून ठेवलाय. या वेळी कोकणातलं बोलणं कसं म्हणायचं ते मी आईंना शिकवणार.