‘शे-दोनशेसाठी बँकेत कशाला भांडायचं’ म्हणणाऱ्यांना

साखळीकरीण
काल इथे एकाने लिहिलं की मिनिमम बॅलन्स, एसएमएस असल्या शे-दोनशेच्या चार्जेससाठी बँकेत भांडायला जाणारे रिकामटेकडे असतात, खातं उघडताना सही केली ना, मग आता रडू नका. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सगळं लिहिते.

माझी आई ७४ वर्षांची. तिच्या खात्यात महिन्याला गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे २००० येतात, बाकी एक पैसा येत नाही. बाबा होते तोवर ते काढून आणायचे, ते गेल्यापासून माझा मामेभाऊ एटीएममधून आणून देतो. एका महिन्यात त्याने १६०० च आणले. मशीनने तेवढेच दिले म्हणाला. आईला ते पटलं नाही, तिने त्याला परत परत विचारलं, दोन तिमाह्यांनी पुन्हा तसंच झालं आणि पोराने घरी येणंच बंद केलं. चवथीच्या आधी मी पासबुक मशीनमध्ये घातलं तर ३५४, खाली परत ३५४, परत ३५४. मिनिमम बॅलन्स नाही म्हणून ३०० दंड आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५४. तीन तिमाह्यांचे १०६२.

रिझर्व्ह बँकेचा २० नोव्हेंबर २०१४ चा आदेश आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू. बॅलन्स कमी झाला तर आधी खातेदाराला कळवायचं, भरायला एक महिना द्यायचा, मगच दंड. तोही जेवढी रक्कम कमी पडली त्या प्रमाणात. काउंटरवर विचारलं नोटीस कुठे आहे, तर म्हणे एसएमएस गेला असणार. कुठल्या नंबरवर? बाबांच्या. तो नंबर बाबांबरोबरच गेला.

आता सांगा मी रिकामटेकडी कशी ते.

माजी कॅशियर, फोंडा
ताई, तुमची चीड खरी आहे पण ती चुकीच्या माणसांवर निघतेय. ३१ वर्षं काउंटरवर काढली म्हणून बोलतो. दंड शाखेतला माणूस लावत नाही, तिमाही संपली की सिस्टम आपोआप कापते आणि शिव्या आम्ही खायच्या. ६० रुपयांसाठी लोकांनी माझी आईबहीण काढलेली मी ऐकली आहे, मागे रांगेत माझ्या मुलीच्या शाळेतल्या बाई उभ्या असताना. नंबर बदलला तर कळवणं हे खातेदाराचं काम. आणि मिनिमम बॅलन्स न लागणारं बेसिक खातं प्रत्येक बँकेत आहे, एक फॉर्म भरला की बदलून मिळतं, तो फॉर्म भरायला मात्र कोण येत नाही.

साखळीकरीण
काका मी आवाजसुद्धा चढवला नाही. रीतसर अर्ज लिहून नेला, दोन प्रती, एकीवर पोच द्या म्हटलं. समोरचा म्हणाला हा मराठीत आहे, इंग्लिशमध्ये लिहून आणा. बसने दोनदा खेपा घातल्या. यात सिस्टमचा काय संबंध?

पेडणेकर
हेच! आमच्याकडे पण हेच!! चार्जेसचं सोडा, मूळ रोग हा आहे. माझ्या आजीला स्लिप भरता येत नाही म्हणून ती दरवेळी रांगेत कोणाच्या तरी पाया पडल्यासारखी विनवणी करते, मराठी लिहिता-वाचता येत असून अडाणी ठरते. बँकांनी फॉर्म, स्लिपा, पासबुक हिंदी इंग्लिश आणि प्रादेशिक भाषा अशा तिन्हीत द्यायचं हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, मग गोव्यात मराठी स्लिप कुठे गेली?

मडगांवकार
प्रादेशिक भाषा म्हणजे कोंकणी. गोव्याची राजभाषा कोंकणी आहे, १९८७ पासून. स्लिप हवी तर कोंकणीत मागा, मी तुमच्याबरोबर येऊन उभा राहतो. मराठीत कशाला?

पेडणेकर
कायदा अर्धाच वाचला वाटतं. त्याच कायद्यात मराठीही सरकारी कामाला वापरता येईल असं लिहिलंय. आमच्या गावात पोथी मराठी, भजन मराठी, देवळातल्या पाट्या मराठी, पेपर मराठी. आजी घरात कोंकणी बोलते आणि लिहिते मराठी, तिला तुम्ही काय नवीन शाळेत घालणार?

मडगांवकार
लिहिते मराठी कारण तिला शिकवलीच मराठी. तीस चाळीस वर्षं झाली तरी आमच्या भाषेचा विषय निघाला की तुम्ही अर्धा वाटा मागायला हजर. कोंकणी १९९२ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली तरी बँकेच्या बोर्डवर कुठे नीट दिसत नाही, याचं कोणाला काही पडलेलं नाही.

पेडणेकर
आमच्या भाषेचा म्हणजे? मी काय परप्रांतातून आलो? सात पिढ्या पेडण्यात गेल्या माझ्या. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का या जनमत कौलाच्या वेळच्या शंका अजून आमच्यावर काढू नका, तेव्हा माझा बाप पाळण्यात होता.

मडगांवकार
कौलाचं नाव मी काढलं नाही, तुम्ही काढलं.

वास्कोची शिक्षिका
दोघेही थांबा. एका म्हातारीचे १०६२ रुपये गेलेत आणि तुम्ही १९६७ ला जाऊन पोचलात. बँकेला राज्याचा राजभाषा कायदा दाखवून उपयोग नाही, तो राज्याच्या कारभारासाठी. आपल्या कामाचं एवढंच की बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं झालं तर तिचं चंदीगडचं केंद्र कुठल्याही भाषेतली लेखी तक्रार घेतं. मराठीत लिहा नाहीतर कोंकणीत. रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ वर फोन केला तर मराठीत बोलता येतं, मी स्वतः बोलले आहे.

आणि शे-दोनशेचं काय हो. माझ्या खात्यातून दरवर्षी मे महिन्यात विम्याचे ४३६ जात होते, मी कधी होय म्हटलेलं नाही. तीन वर्षांनी कळलं. फॉर्म दाखवा म्हटल्यावर फॉर्म मिळेना.

बार्देशचा ठेवीदार
तुम्ही ३५४ आणि ४३६ साठी रडताय. आमच्या अर्बन बँकेत वडिलांच्या निवृत्तीचे पैसे अडकले ते कितीतरी वर्षं मिळाले नाहीत. गोव्यातल्याच दोन अर्बन बँकांची लायसन्सं गेली, एकीचं २०२० ला दुसरीचं २०२१ ला. पाच लाखांपर्यंतच्या विम्याचं संरक्षण म्हणतात, पण ते हातात पडेपर्यंत माणूस औषधाविना राहतो. निदान तुमची बँक उभी तरी आहे.

साखळीकरीण
तुमचं दुःख मोठं आहे, मी त्याची बरोबरी करत नाही. पण बँक उभी आहे म्हणून तिने विचारल्याशिवाय हात घालावा असं होत नाही ना.

माजी कॅशियर, फोंडा
मराठी अर्ज परत पाठवला असेल तर ते चूक, शंभर टक्के चूक. आमच्या वेळी पोच नाकारायची कोणाची छाती नव्हती. पण नंबरचं मी अजून तेच म्हणतो.

साखळीकरीण
काका, बाबांच्या मृत्यूचा दाखला मी त्याच शाखेत दिला होता, जॉइंट खात्यातून त्यांचं नाव कमी करायला. नाव कमी केलं, आणि नंबर तोच ठेवला. दाखला हातात घेतलेल्या माणसाला तेव्हा विचारता आलं नसतं का की आता नंबर कोणाचा घालू?

माजी कॅशियर, फोंडा
हे आधी सांगायला हवं होतं. मग चूक शाखेची, मान्य. नाव काढताना नवा केवायसी फॉर्म घ्यायला हवा, त्यात नंबराचा रकाना असतोच, तो रिकामा राहिला तरी कोणी बघितला नाही. तरी काउंटरवरच्या पोरीवर तोंड टाकू नका एवढं माझं राहूदे. अर्जात दाखला दिल्याची तारीख घाला. एसएमएस गेल्याचा पुरावा लेखी मागा, तोंडी ऐकून घेऊ नका. शाखा अर्ज घेत नसेल तर त्यांच्या तक्रार विभागाला स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा उत्तर पटलं नाही तर लोकपाल, त्याला एक पैसा लागत नाही, पण बँकेकडे आधी लेखी दिलेलं असलंच पाहिजे, नाहीतर तक्रार तशीच परत येते. जीएसटीसकट मागा. लोक ३०० मागतात आणि ५४ विसरतात.

पेडणेकर
आणि स्लिपेचं?

मडगांवकार
स्लिपेचं मी वेगळं लिहितो. ताई, अर्जाला काही मदत लागली तर सांगा, मराठीत असला तरी. देव बरें करूं.

साखळीकरीण
तीन आठवड्यांनी लिहितेय. स्पीड पोस्टने अर्ज पाठवला, मराठीतच, दाखल्याची तारीख आणि पासबुकची झेरॉक्स जोडून. परवा ७०८ जमा झाले, दोन तिमाह्यांचे, जीएसटीसकट. पहिल्या तिमाहीला नाही म्हणून एका ओळीचं पत्र, कारण काही दिलेलं नाही. मला घरातले म्हणतात आता पुरे कर, मिळाले ते घे. पण १६०० आणले होते ते नेमके त्याच तिमाहीत. ते ३५४ सोडले तर पोर खोटं बोललं असंच राहील. चंदीगडचं पत्र लिहून झालंय, उद्या टाकते.

काका, बेसिकचा फॉर्मही भरला. आईची एक सही मागच्या बाजूला राहिली होती, ती आज संध्याकाळी घेईन. मामेभावाला पासबुकच्या पानाचा फोटो पाठवलाय, बघितलाय त्याने, उत्तर नाही अजून.