मदत हवी आहे: ऑफिसात दिवसभर सिगारेटचा धूर, मला पाचवा महिना. शेठना काय दाखवू?

बिल्टीवाली:
नमस्कार. भिवंडीजवळ एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या (मालाच्या पावत्या) फाडणं आणि हिशेब ही कामं बघते. ऑफिस म्हणजे एकच गाळा, मधे अर्धी काच. पलीकडे शेठ, अलीकडे आम्ही तिघं. माणूस वाईट नाही, सोनोग्राफीच्या दिवशी न मागता सुट्टी दिली. पण सिगारेट एकीवर एक चालू, आणि एसीमुळे दार बंद. दुपारपर्यंत बिल्टीबुकाच्या पानांनाही वास लागलेला असतो.

नवरा म्हणतो नोकरी सोड. घराचे हप्ते चालू आहेत, त्यामुळे तो सल्ला कृपया कुणी देऊ नका. सासूबाई म्हणतात, "आम्ही चुलीपुढे बसून बाळंतपणं काढली, तुमचंच काहीतरी नवीन."

बाहेरच्या देशांत सार्वजनिक ठिकाणी सिगारेट बंद केल्यावर दिवस भरायच्या आत होणारी बाळं १० टक्क्यांनी कमी झाली, असं वाचनात आलं. खरं आहे की व्हॉट्सॲपचं ज्ञान? शेठ आकड्यांशिवाय कुणाचं ऐकत नाहीत. आणि आपल्याकडचा कायदा एवढ्याशा गाळ्याला लागतो का?

आकडेमोड:
खरं आहे, फक्त आकडा नीट समजून घ्या, नाहीतर शेठ तिथेच पकडतील. १० टक्के घट म्हणजे शंभरातली दहा बाळं वाचली असं नव्हे. समजा हजारात साठ बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मत होती, ती चोपन्नवर आली.

ही गोष्ट स्कॉटलंडची. तिथे २६ मार्च २००६ पासून बंदिस्त सार्वजनिक जागा आणि कामाच्या ठिकाणी सिगारेट बंद झाली. १९९६ ते २००९ मधल्या सात लाखांवर जन्मांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बंदीच्या सुमारास मुदतपूर्व बाळंतपणं साधारण १० टक्क्यांनी उतरलेली दिसली. तुमच्या कामाचा मुद्दा पुढे आहे: ही घट सिगारेट ओढणाऱ्या आयांमध्ये दिसली तशी कधीच न ओढलेल्या आयांमध्येही दिसली. "ओढतो मी, तुला काय?" याला हेच उत्तर.

शंकासुर:
तिथे लोक तसेही सिगारेट सोडत होते की. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला, असं नाही ना हे?

आकडेमोड:
शंका रास्त आहे. त्याच अभ्यासात घट बंदीच्या तारखेआधी, जानेवारी २००६ पासूनच लागलेली दिसते. जाहिराती आणि गाजावाजा आधीच सुरू होता, लोक त्या निमित्ताने सोडू लागले, असा एक अर्थ लावला जातो. बंदीनंतर गरोदर बायकांमधलं धूम्रपानही २५.४ वरून १८.८ टक्क्यांवर आलं. म्हणजे काही फायदा सोडल्याचा, काही दुसऱ्याचा धूर टळल्याचा. दोन्ही वेगळे काढणं अवघड आहे, हे कबूल.

म्हणून मला बेल्जियमचं उदाहरण जास्त पटतं. तिथे बंदी टप्प्याटप्प्याने आली: २००६ मध्ये कामाच्या जागा, २००७ मध्ये रेस्टॉरंट, २०१० मध्ये जेवण देणारे बार. जानेवारी २००७ ला मुदतपूर्व प्रसूती एकदम तीनेक टक्क्यांनी खाली आल्या, २०१० नंतर दरवर्षी आणखी उतरत गेल्या. बंदीच्या आधीच्या वर्षांत मात्र असा उतार नव्हता. दरवेळी कोंबडा आणि सूर्याचा योगायोग म्हणता येत नाही.

जुनी_नर्स:
बिल्टीवाली, घाबरून जाऊ नकोस गं. स्वतः न ओढणाऱ्या पण धुरात वावरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी तीसेक ग्रॅमने कमी भरतं. एका धडधाकट बाळाला तेवढ्याने फरक पडत नाही. पण जे आधीच अडीच किलोच्या काठावर असतं, त्याला पडतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा बळकावतो आणि निकोटिन वारेतून थेट बाळापर्यंत जातं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाल.

सासूबाईंना सांग, चुलीचा धूरही बाळाचं वजन कमीच करतो. त्या काळी बाळाचं वजन करत कोण होतं?

आणि घरात कुणी मिश्री लावतं का? सिगारेटवर सगळे बोलतात, मिश्रीवर कुणी नाही. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये आला होता. मिश्रीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि जवळपास सहा दिवस आधी जन्मली. आपल्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत म्हणून आपण सुटलो, असं समजू नये.

बिल्टीवाली:
मी नाही लावत, पण जाऊबाई लावतात, आणि त्यांचंही बाळासाठी चाललंय. आजच बोलते. एक विचारायचं राहिलं, मी काचेपासून लांब, दाराशी टेबल घेतलं तर चालेल का?

जुनी_नर्स:
काच अर्धी आहे ना? मग धूर वरून येणारच. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आहे तीच गार करून फिरवतो. जाऊबाईंना रागावून सांगू नकोस, सवय असते ती. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट लागतो. शेठनाही दे.

कोर्टाची_पायरी:
कायद्याचं सांगतो. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद करणारा कायदा २००३ चा, पण २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांत कामाच्या जागेचा स्पष्ट उल्लेख आहे. तुमच्याकडे तर ड्रायव्हर, व्यापारी यांची ये-जा असणार. वेगळी स्मोकिंग रूम फक्त विमानतळ, तीस किंवा जास्त खोल्यांची हॉटेलं आणि तीस किंवा जास्त आसनांची रेस्टॉरंट यांनाच ठेवता येते. अर्ध्या काचेमागची केबिन त्यात बसत नाही. ओढणाऱ्याला दंड २०० रुपयांपर्यंत. त्याने शेठ हलणार नाहीत, हे मलाही कळतं.

म्हणून तक्रार-बिक्रार आत्ता नको. शेठना म्हणा, "ड्रायव्हर आत येऊन विड्या ओढतात, जबाबदारी जागेच्या मालकावर येते, बोर्ड लावून टाकू." ६० बाय ३० सेंटीमीटरचा लागतो. बोर्ड ड्रायव्हरांसाठी लागला की त्याच्याखाली बसून स्वतः ओढणं जड जातं. मोकळ्यावर, गाड्या लागतात तिथे जाऊन ओढली तर माझी हरकत नाही.

शंकासुर:
हे मात्र जमण्यासारखं आहे.

बिल्टीवाली:
बोर्डाची कल्पना झकास. शेठच्या टेबलावर पितळी ॲशट्रे आहे, कुणीतरी भेट दिलेली. तिचं काय?

कोर्टाची_पायरी:
ॲशट्रे ठेवायला नियमात मनाई आहे. तिच्यात पिना ठेवायला द्या. आणि हो, तक्रार कुणाकडे करायची त्या माणसाचं नावही लावावं लागतं. तिथे तुमचंच घाला.